म्हशीला सांगितलेलं शरीरशास्त्र

माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू नारायणराव गावंडे, गेल्याची तार आली तेव्हा मी सहावीच्या मुलींच्या वह्या तपासत होते. तार अकोल्याहून पुतण्याने केलेली, चार शब्दांची. मी ती वाचली, घडी करून दौतीखाली ठेवली आणि उरलेल्या वह्या तपासून संपवल्या. त्या तशाच टाकून गेले असते तर पंधरा दिवस पडून राहिल्या असत्या, आणि मुलींची परीक्षा तोंडावर होती. मग यजमानांना कचेरीतून बोलावून घेतलं. दुपारच्या गाडीने अमरावतीहून बडनेऱ्याला आणि तिथे गाडी बदलून अकोल्याला पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात सतरंज्यांवर माणसं बसली होती आणि बैलांबद्दल बोलत होती.

त्यात नवल काही नव्हतं. नारायणराव सरकारी ढोरडॉक्टर होते. बुळकांडीची साथ आली तेव्हा ते बाळापूरच्या बाजूच्या खेड्यांतून महिनाभर गुरांना टोचत हिंडले, घरी आले ते दाढी वाढलेले आणि एका पायात वहाण नसलेले. कुणाच्या गाईचं अडलेलं वासरू त्यांनी कसं फिरवून काढलं, कुणाच्या खोंडाचा मोडलेला पाय कसा बांधला, हे प्रत्येकाला सांगायचं होतं. तीन आठवडे झाले, अजूनही भेटायला येणारे बैलांबद्दलच बोलतात. मला त्यांची दुसरी एक गोष्ट माहीत आहे. ती बायकांबद्दलची आहे. तीत त्यांची एक मोठी चूक आहे आणि त्या चुकीत माझा वाटा आहे. या पुरवणीच्या संपादकांना मी विचारलं, हे छापाल का. ते हो म्हणाले. बायकांच्या शरीराबद्दल छापील कागदावर वाचणं ज्यांना जड जातं त्यांनी इथेच पान उलटावं.

मी त्या घरात आले ती पंधराव्या वर्षी. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यापुढे यायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. ते ओसरीत असले की मी दाराआड. त्यांना माझ्याकडून काही हवं असेल तर ते भिंतीला सांगायचे. पण भिंतीशी बोलणं त्यांना जमेना म्हणून त्यांनी म्हैस निवडली. स्वैपाकघराच्या मागच्या दाराशी गोठा होता आणि तिथे चंद्री नावाची म्हैस बांधलेली असे, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. नारायणराव तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "चंद्रे, आज दोन पाहुणे हायेत जेवाले." मी आतून ऐकायचे आणि ज्वारीचं पीठ वाढवून घ्यायचे. त्या घरात मला अकरा वर्षं झाली तोवर ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. यात राग-रुसवा काही नव्हता, रीत होती. मला मात्र त्यांना काही सांगायचं असेल तर तशी सोय नव्हती. पुरुषाने म्हशीशी बोललेलं चालत होतं, बाईने म्हशीतर्फे निरोप धाडलेला कुणी ऐकून घेतला नसता... तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यांची बायको, माझी जाऊ गंगाबाई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी होती. रुंद खांद्यांची, कामाला वाघीण आणि बोलायला तिखट. तिला पाच मुलं. पाचव्या खेपेला वार अडकली आणि इतकं रक्त गेलं की तिचे ओठ ज्वारीच्या पिठासारखे दिसायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. महिन्याने घरी सोडताना त्या म्हणाल्या, "पुन्हा दिवस राहिले तर मी खात्री देणार नाही. आता पुन्हा नको." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांचाही दोष नव्हता, खाटा खूप होत्या. घरी आल्यावर मी जाऊबाईंच्या डोक्याला तेल लावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "नको म्हनली ते समजलं मले. पन नको कसं कराचं ते नाई सांगतलं. हे काय कढीत मीठ टाकनं हाय, नको म्हनलं तं नाई टाकलं?"

मी मराठी सातवी पास झालेली, पुढे मास्तरीण व्हायचं मनात धरून बसलेली. पण आमच्या पुस्तकात माणसाचं शरीर पोटापर्यंत होतं आणि तिथून एकदम पायांची हाडं सुरू व्हायची. आम्हा दोघींना जे ठाऊक होतं ते एवढंच की बी पुरुषाचं आणि वावर बाईचं; पेरणारा पेरतो, वावराने धरून ठेवायचं. वावराला पेरणी नको असेल तर काय करायचं, हे वावराला कुणी शिकवलेलं नव्हतं.

जाऊबाईंनी बहुधा नवऱ्याजवळही तोच कढीतल्या मिठाचा प्रश्न काढला असावा. कारण पुढच्या रविवारी नारायणराव कसाईखान्याच्या तपासणीवरून परतले ते पळसाच्या पानांत काहीतरी गुंडाळून घेऊन. ती बकरीची गर्भपिशवी होती. जाऊबाईंनी ती स्वैपाकघरात येऊ दिली नाही. ओसरीतही येऊ दिली नाही. शेवटी ती गव्हाणीच्या काठावर पत्रावळीवर मांडली गेली, चंद्रीने एकदा हुंगून तोंड फिरवलं, आणि आम्ही दोघी मागच्या दाराच्या फटीतून बघत उभ्या राहिलो.

"हे पाह्य चंद्रे," नारायणराव म्हणाले. "ही बकरीची पिशवी. बकरीची अशी दोन शिंगाची असते. बाईची एकच, उलट्या पेरूवानी, मुठीएवढी. पन ह्या दोन बाजूच्या नळ्या बाईलेही हायेत, अन् नळीच्या टोकाशी हे दोन दाने. बी निस्तं गड्याचंच नसते. बाईचंही असते. ह्या दान्यातून निंगते, महिन्याले एक. ते नळीत असतानी गड्याचं बी येऊन भेटलं तं गर्भ. नाई भेटलं तं पिशवीनं पाहुण्यासाठी आतून जे अस्तर केलं असते ते गळून पडते. तेच तुमचे चार दिवस."

बोलता बोलता 'तुमचे' म्हणून गेले, आणि मग खोकले. माझ्या कानाशी जाऊबाई पुटपुटल्या, "म्हंजे इतके वर्सं वावर वावर म्हनून उगाच ऐकून घेतलं." आज माझ्या वर्गातल्या मुलींनाही हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते: नारायणरावांनी त्या दिवशी जे दाखवलं त्यात काहीही चूक नव्हतं. बीजकोश, नळ्या, गर्भाशय, महिन्याला एक बीज, बाईचं आणि पुरुषाचं मिळून मूल... सगळं बरोबर होतं. चूक पुढच्या रविवारी झाली.

महिन्याला एकच बीज निघतं, तर ते कधी निघतं एवढं कळलं की बाकीचे दिवस निर्धास्त, असा त्यांचा विचार. आणि कधी, हे ठरवायला त्यांनी आपल्या रोजच्या माहितीतलं उदाहरण घेतलं. कुत्रीला आधी रक्त दिसतं, त्यानंतर ती माजावर येते आणि मग तिला पिल्लं राहतात. म्हणजे बाईचंही तसंच असणार: न्हाल्यानंतरचे आठ-दहा दिवस धोक्याचे, आणि महिन्याचा मधला भाग बिनधोक. एकट्या नारायणरावांनाच दोष देता येणार नाही. त्या वेळच्या डॉक्टरी पुस्तकांतही असंच छापलेलं होतं आणि आमच्या म्हाताऱ्याही न्हाल्यावरच दिवस राहतात असं मानायच्या. पुस्तकं एका वाटेने आणि म्हाताऱ्या दुसऱ्या वाटेने चालत त्याच चुकीच्या गावी पोचल्या होत्या. हे सगळं चंद्रीला सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बुकात हाय हे."

जाऊबाई माझ्याकडे तोंड करून, पण गोठ्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बुक लिवनारा कधी चार दिवस बाजूले बसला होता काय म्हना."

नारायणराव हसले आणि त्यांनी म्हशीच्या पाठीवर थोपटलं.

ते दिवस पाळणं आमच्या घरात अवघड नव्हतं. कोण केव्हा बाजूला बसलं हे सगळ्यांनाच दिसायचं, त्यामुळे मोजायला पंचांगाचीही गरज नव्हती. वर्ष गेलं, काही झालं नाही. जाऊबाईंच्या अंगावर रक्त भरलं. धाकटा अजून पीत होता आणि त्यांची पाळी तीन-चार महिन्यांतून एकदा कधीतरी येत होती. मूल अंगावर पीत असताना पुष्कळदा बीज निघतच नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते यश आम्ही मोजणीच्या नावावर लावलं, नारायणरावांनीही लावलं.

आणि मग ते मोजणं घराबाहेर गेलं. माझं माहेर बार्शीटाकळीजवळचं. नारायणराव त्या बाजूला फिरतीवर निघाले की बैलांच्या दमणीत आम्हा दोघींना घेऊन जायचे, मला माहेरी सोडायचे, जाऊबाईंनाही चार दिवस विश्रांती. तिथे कपाशीच्या वेचणीत माझ्या बरोबरीच्या बाया असायच्या. कुणाला सहा मुलं, कुणाला आठ, कुणाची चार जगलेली. मी वावराच्या बांधावर काडीने पिशवी, नळ्या आणि दाणे काढून दाखवायचे, आणि शेवटी दिवस सांगायचे. अशा अकरा बायांना मी ते सांगितलं; तो आकडा जाऊबाईंकडून नारायणरावांच्याही कानावर गेला होता. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटत होतं.

त्यांच्यात रुखमा होती. आम्ही एकत्र वाढलेल्या. तिच्या घरची गुरं तीच बघायची. तिने सगळं ऐकून घेतलं, ओटीतला कापूस खाली ठेवला आणि म्हणाली, "शांते, तुह्या भासऱ्याचं कुठीतरी चुकून राह्यलं. गाय माजावर आली का तिले सोट सुटते, काचेवानी, दोरीसारका लोंबते, तुटत नाई. तसं मले मधातच होते. न्हाल्यावर नाई होत. मंग मी मधातच फळाची ना?"

बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "रुखमीले दावनीले बांधा वं, चारा टाका." रुखमा म्हणाली, "बांधा, पन आंबोन द्या संग." मीही हसले. परतीच्या वाटेवर दमणीत मी ते जाऊबाईंना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माह्यंही तसंच होते मधात. मंग मी कोन झाली, चंद्री?" आणि परत हसू फुटलं आम्हाला. नारायणराव पुढे कासरा धरून बसले होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांना हसणं ऐकू आलं, शब्द आले नाहीत. ते बैलाला म्हणाले, "चाल रे बापू. आज बाया खुशीत हायेत."

त्यांच्या पाठीपासून आमच्यापर्यंत हातभर अंतर असेल. ती खूण वीस वर्षं गाई तपासताना पहिल्यांदा शोधणारा माणूस तिथे बसला होता. मी त्यांना सांगू शकत नव्हते, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. जाऊबाई सांगू शकत होत्या, पण असलं काही नवऱ्याला सांगायचं असतं हे त्यांच्या गावी नव्हतं; आणि खरं म्हणजे आम्हा दोघींना ती थट्टाच वाटली होती.

धाकट्याचं दूध तोडलं आणि चार महिन्यांत जाऊबाईंना दिवस राहिले. त्यांनी सांगितलं तेव्हा नारायणराव दिवसभर गोठ्यात होते. "मोजन्यात चूक नाई," ते चंद्रीला दोनदा म्हणाले. मग त्यांनी टांगा आणला, बायकोला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि काय केलं, कशावर विसंबलो, हे स्वतः सांगितलं. बाई खूप रागावल्या. नवव्या महिन्याच्या आरंभीच दवाखान्यात येऊन राहायचं असं ठरलं. जाऊबाईंनी त्या सहा-सात महिन्यांत भीती बोलून दाखवली नाही. फक्त एकदा शेवया वळताना म्हणाल्या, "पोराईले तू तिखट कमी टाकत जाय. माह्या हातचं खाऊन त्यायची जीभ बिघडली हाय." मी हो म्हटलं.

आठवा सरायच्या आत, एका सकाळी, भाकरी थापता थापता कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात टांग्याने आल्या. मूल बाहेर आलं. वार आली नाही, आणि रक्त थांबेना. बाईंनी जे करता येतं ते सगळं केलं, त्या अंधाऱ्या खोलीत मी बाजूला कंदील आणि गरम पाणी घेऊन होते, मी पाहिलं. नारायणराव ओसरीत उभे होते. शेकडो गाईंची अडकलेली वार त्या माणसाने कोपरापर्यंत हात घालून काढली होती. त्यांना कुणी आत बोलावलं नाही, आणि ते आले नाहीत. दिवेलागणीच्या आधी जाऊबाई गेल्या. मुलगी होती, ती दोन दिवसांनी गेली.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दाराशी भांडी घासत असताना नारायणराव गोठ्यात आले. चंद्रीकडे गेले नाहीत. राखेच्या ढिगाशी पालथं घमेलं होतं, त्यावर बसले, आणि म्हणाले, "शांताबाई, बसा जराशा. माह्याशी बोला."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी पदर पुढे ओढला आणि उंबऱ्यावर बसले. हात राखेचे तसेच.

"अकरा बायांले तुमी सांगतलं," ते म्हणाले. "त्यायच्यातलं कोनी काई म्हनलं होतं काय? उलटं, वाकडं, काईही."

मला आठवत होतं, पण तो शब्द भासऱ्यापुढे तोंडातून निघत नव्हता. शेवटी जमिनीकडे बघत मी रुखमाचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. ते पुढे वाकले. "काचेवानी? तुटत नाई असा? मधात?"

"हो. जाऊबाईंचंही तसंच होतं म्हणे."

दोन भांडी माझी तशीच राहिली, राख वाळून गेली. मग त्यांनी विचारलं, "हे मले तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुमच्याशी बोलत नव्हते ना," मी म्हणाले.

मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बराबर हाय. कसं सांगनार." आणि मग, जसं दवाखान्यात शिकाऊ माणसाला समजावतात तसं, सांगायला लागले: गाईलाही रक्त दिसतं, पण ते माज उतरल्यावर, दोन-तीन दिवसांनी. कुत्रीला माजाच्या आधी. दोन्ही जनावरं रोज डोळ्यांपुढे असताना मी कुत्री का धरली? आणि बाईचं रक्त या दोन्हींसारखं नसून तिसरंच काही असेल, हे मला सुचलं का नाही? हे ते मला विचारत नव्हते. पुढे काही वर्षांनी परदेशी डॉक्टरांचं म्हणणं छापून आलं की बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी निघतं, म्हणजे महिन्याच्या मधातच. नारायणरावांनी ते वाचून कात्रण माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "रुखमाबाईचं छापून आलं."

गोठ्यातलं ते बोलणं झालं त्याच आठवड्यात त्यांनी दमणी जुंपली आणि मला घेऊन बार्शीटाकळीकडे निघाले. अकराही घरी गेलो. रजा घेऊन, तीन दिवस. ते अंगणात बसायचे, त्या बाईला समोर बसायला सांगायचे, सासू दारात उभी असली तरी. आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवात एकच: "मी जे दिवस सांगतले होते ते चूक होते. माही बायको त्यानंच गेली. ते पाळू नोका." याहून एक शब्द जास्त नाही, कमी नाही. एका घरी सासऱ्याने त्यांना बाहेर काढलं. एका घरी बाई म्हणाली, आम्ही ते कधी पाळलंच नव्हतं, घरात ऐकतं कोण. एकीने नुसतं पोटावर हात ठेवून दाखवला. ती नंतर सुखरूप बाळंत झाली. पण ते त्या दिवशी त्यांना ठाऊक नव्हतं.

रुखमाकडे शेवटी गेलो. तिने पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "म्या तं हिले तवाच सांगतलं होतं."

"मले सांगाले पाह्यजे होतं, बाई," नारायणराव म्हणाले.

"तुमी कुठी इचारलं?" रुखमा म्हणाली.

माझ्या मते त्यांच्या उरलेल्या वीस वर्षांचं कारण हे वाक्य आहे. त्यानंतर ते बदलले म्हणजे फार बोलके झाले असं नाही. ते विचारायला लागले. खेड्यात बैल घेऊन आलेल्या माणसालाही औषध सांगण्याआधी म्हणायचे, "आंधी तू सांग. तुले काय दिसलं?" आणि मग ऐकत बसायचे, माणूस कितीही लांबण लावो. कचेरीतले लोक कंटाळायचे. घरात त्यांनी भासऱ्याशी न बोलण्याची रीत बंद केली. भाषण न करता, फक्त मला नावाने हाक मारून. माझ्या सासूबाई वर्षभर त्यावरून धुसफुसत होत्या.

बायकांच्या बाबतीत त्यांनी पुन्हा स्वतः उपाय सांगितला नाही. विचारायचे, ऐकायचे, आणि डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचे. मात्र बाईंना लागणारं सामान तेच टपालाने मुंबईहून मागवायचे: बाईने आत बसवायची रबराची टोपी, पुरुषाने वापरायच्या रबरी पिशव्या. ज्या बाईला यातलं काही मिळण्यासारखं नसेल तिला डॉक्टरीणबाई तेलात भिजवलेला स्पंज कसा वापरायचा ते दाखवायच्या. तो तितका खात्रीचा नाही हेही सांगायच्या. दिवस मोजण्याबद्दल नारायणरावांचं मत शेवटपर्यंत ठाम होतं. बीज पुढच्या पाळीच्या किती दिवस आधी निघतं हे कळलं, पण पुढची पाळी कधी येणार हे आधी कुठे कळतं? ताप आला, प्रवास झाला, घरात दुःख झालं की पाळी मागेपुढे होते. पुरुषाचं बीज आत काही दिवस जिवंत राहतं. तेव्हा बरोबर माहितीवरही जीव टांगू नये, असं ते म्हणायचे. आणि ज्या बाईला पुन्हा बाळंतपण झेपणार नाही तिच्या नवऱ्याला बोलावून घ्यायचे. "मोजनं तिच्यावर टाकू नोको. पिशवी तू वापर," हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, मी मोजलं नाही. ढोरडॉक्टर आता बायांचा डॉक्टर झाला, अशी गावात थट्टा व्हायची. वरच्या साहेबाकडे निनावी पत्रंही गेली. एकदा बदलीची पाळी आली होती, ती कशीबशी टळली.

यजमानांची बदली झाल्यावर आम्ही अमरावतीला आलो, मी शिक्षिका झाले, आणि त्यांची भेट सणावारी होऊ लागली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. लोक त्याला निष्ठा म्हणायचे. मला त्यांनी कारण सांगितलं होतं: पाच मुलं पुरे आहेत आणि नव्या बाईच्या जिवाची जोखीम मी घेणार नाही. मला ते निष्ठेपेक्षा बरं वाटलं. गंगाबाईंच्या मरणात त्यांचा दोष किती, पुस्तकांचा किती आणि माझा किती, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यांच्याजवळ एकदा बोलूनही दाखवला. ते म्हणाले, वाटून घेतल्याने कमी होत नाही. मग मी तो विषय सोडला.

यंदा त्यांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या त्याच घरात, माडीवर, धुतलेल्या सतरंज्या वाळत घालत होते. धाकट्या पुतण्याची बायको वर आली. लग्नाला तीन वर्षं, कडेवर एक आणि पायाशी एक. हा धाकटा म्हणजे गंगाबाईंचं पाचवं मूल. आपली सासू कशाने गेली हे या मुलीला तोवर नीट माहीत नव्हतं. तापाने गेली असं तिला सांगितलेलं होतं. मी आदल्या रात्री जेवताना ते सगळं सरळ सांगितलं होतं, आणि पुरुषमंडळींनी पानावरून मान वर केली नव्हती.

तिने सतरंजीचं दुसरं टोक धरलं. "काकूजी," ती म्हणाली, "मले तुमाले एक इचाराचं होतं."

काय विचारणार ते मला दिसत होतं. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. वीस वर्षं तयारच होतं: नळ्या, बीज, चौदा दिवस, टोपी, पिशवी, डॉक्टरीणबाईंचा पत्ता. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सतरंजी दोरीवर टाकली, कठड्याला टेकून बसले आणि तिला समोर बसायला सांगितलं.

"आधी तू सांग," मी म्हणाले.

तिने लहानग्याला खाली सोडलं. जिन्याकडे एकदा बघून घेतलं. मग ती बोलायला लागली ती चांगली अर्धा तास बोलत होती. त्यातल्या दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या.